माघातील कुंद

(मंडळाच्या श्रावणातील सभेत केलेले भाषण)



फुलझाडांविषयी काही बोलावे अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि बदल्यांबरोबर अंगणेही बदलीत आलो. देहरादूनच्या या मातीशी मात्र माझा बारा वर्षांचा परिचय आहे. त्या बळावरच हे धाडस करीत आहे.

मराठी माणूस उत्तरेत बिऱ्हाड मांडतो आणि प्रथम मोगरा लावतो. रोपवाटिकेत तो ‘बेला’ म्हणून मागावा लागतो, आणि आपली जाई येथे ‘चमेली’ या नावाने नांदते, हे कळेपर्यंत एक उन्हाळा निघून जातो. झाडे लागतात उत्तम. परंतु मार्गशीर्ष उजाडला की मोगरा निपचित पडतो, जाई आवरते घेते, रातराणी गारठते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या भगिनी चंद्रकळा नेसून येतात, हलव्याचे दागिने असतात, तिळगूळ असतो. केसांत मात्र कापडी गजरा! यावरून येथील हिवाळा सुगंधाला पारखा आहे असा आपल्या मंडळींचा ग्रह झाला आहे. तो खरा नाही. हिवाळा हाच ज्यांचा ऋतू अशी सदाहरित, सुवासिक झुडपे आहेत, आणि त्यांतील पहिले तर आपल्या घरचेच आहे.

ते म्हणजे कुंद. शास्त्रज्ञ त्याला जॅस्मिनम मल्टिफ्लोरम म्हणतात. अमरकोशाने त्याला ‘माघ्य’ असे नाव दिले आहे. माघात फुलणारा म्हणून माघ्य. सरस्वतीच्या सुप्रसिद्ध स्तवनात तिच्या शुभ्रतेला पहिली उपमा कुंदाचीच आहे, आणि उत्तरेत तिचे पूजन होते ती वसंत पंचमीही माघातलीच. मोगऱ्याप्रमाणे याचा वास दुरून हाक मारीत नाही; जवळ जावे लागते. मला तो त्याचा गुणच वाटतो.

येथे थोडे घरातले सांगतो. वडील गेल्यानंतर माझी आई आमच्याकडे राहावयास आली. तिची दृष्टी तोवर पूर्ण गेली होती. ऐंशीच्या पुढचे वय, भोवतालची भाषा परकी, आणि येथील थंडीत दारे-खिडक्या बंद. तिला दिवस आणि महिना यांचा मेळच लागेना. सकाळी व्हरांड्यात उन्हाला बसवले की ती शेजारच्या झुडपाचे पान बोटांत धरी. कुंदाच्या पानाला बारीक लव असते. जाईचे पान गुळगुळीत. एके दिवशी कळी हाताला लागली. ती हुंगून तिने विचारले, “माघ लागला का रे?” पंचांग काढून पाहिले, तर तृतीया होती. पुढची तीन वर्षे आमच्या घरी माघ तिनेच जाहीर केला.

आता लागवडीचे. कुंदाला दिवसभराचे ऊन आणि पाण्याचा निचरा, एवढेच हवे. पावसाळ्यात जून फांदीचे वीतभर तुकडे, तीन-चार डोळ्यांचे, वाळूमिश्रित मातीत तिरपे खोचावेत. किंवा जमिनीलगतची फांदी वाकवून दाबकलम करावे, ते अधिक खात्रीचे. छाटणी बहर ओसरल्यावर, फाल्गुनात करावी. आपले माळीबुवा दिवाळीची साफसफाई म्हणून आश्विनात कात्री चालवतात आणि येणाऱ्या कळ्यांचे शेंडेच उडवतात. त्यांना त्या दिवसांत दुसरे काही काम द्यावे! पौषात दव गोठते, ज्याला येथे ‘पाला’ म्हणतात, तेव्हा पहिल्या वर्षीच्या रोपावर गवताचे छप्पर घालावे. पूर्व-दक्षिण बाजू उन्हासाठी उघडी ठेवावी. पाला पडेलसे वाटले तर संध्याकाळी हलके पाणी द्यावे. ओली माती ऊब अधिक धरते.

दुसरे झुडूप याच प्रदेशातले: बडलिया एशियाटिका. हिमालयाच्या पायथ्याशी, नद्यानाल्यांच्या गोट्यांत ते आपोआप उगवते. पाने अरुंद, खालून पांढुरकी. आणि जानेवारीपासून चैत्राच्या आसपासपर्यंत पांढऱ्या फुलांचे लोंबते तुरे. याचा सुवास मात्र अंगणभर पसरतो. थंडीत उडणारे कीटक थोडे. त्यांना लांबून बोलवायचे तर वासाचाच आधार, हे या ऋतूतल्या अनेक फुलांचे गुपित आहे. रानटी म्हणून आपण त्याला कुंपणाबाहेर ठेवतो, हे मला पटत नाही.

मसुरीसारख्या उंचीवर ज्यांची नेमणूक आहे त्यांनी कुंदाचा हट्ट धरू नये. तेथील बांज वृक्षांच्या सावलीत सार्कोकोका वाढतो. त्याची फुले नजरेत भरत नाहीत, पण गर्द सावलीत जगणारी अशी झुडपे थोडी. दार्जिलिंग-सिक्कीमकडे बदली झाली तर डॅफ्ने भोलुआ अवश्य पाहावे. ऐन हिवाळ्यात फुलते आणि त्याच्या सालीचा नेपाळी कागद होतो. मात्र त्याचे सर्वांग विषारी आहे; लहान मुले असलेल्या घरी नको.

“आपण बदलीची माणसे, जमिनीत कशाला लावायचे? कुंडीच बरी,” असे पुष्कळ जण म्हणतात. कुंडीची माती थंडीत लवकर गार पडते आणि उन्हाळ्यात लवकर तापते. शिवाय मालमोटारीत प्रथम फुटते ती कुंडीच. झाड जमिनीत लावावे, आणि बदलीचा हुकूम आला की दाबकलम बरोबर न्यावे. आमच्या व्हरांड्यापाशी कुंद कोणी लावला हे मला ठाऊक नाही. मी राहावयास आलो तेव्हा तो गुडघ्याएवढा होता.

येत्या मार्चअखेर मी निवृत्त होत आहे आणि निवासस्थान सोडणार आहे. त्यापूर्वी वाटून टाकावीत म्हणून कुंदाची अठरा कलमे मुळे धरून तयार ठेवली आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी चिटणिसांकडे नाव द्यावे आणि पुढील रविवारी सकाळी यावे. येताना ओले गोणपाट आणावे. पाऊस आहे तोवर लावली तर यंदाच्या संक्रांतीला गजऱ्यापुरती फुले मिळणार नाहीत, पण देवापुरती मिळतील.