तिरानातील निरंक
१७ डिसेंबर १९६७ रोजी पश्चिम जर्मनीचा फुटबॉल संघ आल्बानियाच्या राजधानीत, तिराना येथे उतरला. आदल्याच वर्षी तो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळला होता. युरोपीय अजिंक्यपदाच्या पुढील फेरीसाठी त्याला आता केवळ हा विजय हवा होता. आठ महिन्यांपूर्वी डॉर्टमुंड येथे याच आल्बानियावर त्याने ६ गोल चढविले होते. त्यांतील ४ एकट्या गेर्ड म्युलरचे.

आल्बानियाचे प्रशिक्षक होते लोरो बोरिची. १९२२ साली श्कोडर गावी जन्मलेला हा गृहस्थ, मायदेश इटलीच्या ताब्यात असताना, रोमच्या लात्सिओ संघातून खेळला. १९४६ साली बाल्कन चषक जिंकणाऱ्या आल्बानियन संघातही तो होता. बलाढ्यांच्या मैदानावर कसे उभे राहावे, हे त्याला कोणी शिकवावयास नको होते.

त्या दिवशी नव्वद मिनिटांत कोणाचाच गोल झाला नाही. आम्हां कचेरीतल्या मंडळींच्या भाषेत, निकाल 'निरंक'! पण त्या निरंकाने पश्चिम जर्मनी स्पर्धेबाहेर गेली. आल्बानियाला गटातील चार सामन्यांत एकही गोल करता आला नव्हता. गुण मिळाला तो हा एकच. श्कोडरच्या क्रीडांगणाला पुढे बोरिचींचे नाव देण्यात आले.