'गावणे' : एका क्रियापदाची ओळख



परमुलखातून मालवणास बदलून आलेल्या माणसाने आधी कोणते क्रियापद शिकावे, असे कोणी विचारले, तर मी 'गावणे' हेच सांगेन. प्रमाण मराठीत सापडणे, मिळणे आणि भेटणे या तिघांना जे काम पडते, ते आमच्याकडे हे एकटे करते. 'चावी गावली' म्हणजे सापडली. 'येळ गावलो तर येतंय' म्हणजे वेळ मिळाला तर. 'तो माका कुडाळात गावलो' म्हणजे भेटला. आणि चोरून आंबे पाडणाऱ्या पोराला 'बरो गावलंस!' म्हटले, की पुढचे सांगायला नको. घाटावरचा 'घावला' याचाच सोयरा.

शिकणाराने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. क्रियापद चालते ते मिळालेल्या वस्तूच्या लिंगवचनाने : बांगडो गावलो, इसवण गावली, बांगडे गावले. ज्याला मिळाले तो 'माका', 'तुका' असा चतुर्थीत बाजूला उभा राहतो. आणि नकार बहुधा 'गावाक नाय' असा होतो.

स्पॅनिशमध्ये 'एन्कोन्त्रार' हे क्रियापद सापडणे व भेटणे ही दोन्ही कामे करते. १९६१ पर्यंत शेजारच्या गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांच्या भाषेतही तेच. फरक एवढाच, की तिकडे 'एन्कोन्त्रे' म्हणताच 'मी' हा कर्ता प्रत्ययातच येऊन बसतो. आमच्याकडे कर्तेपण बांगड्याकडे! रापण ओढून झाल्यावर किनाऱ्यावर विचारतात, 'काय गावला?' जाळे माणसाचे, घाम माणसाचा. पण मासळी देणे न देणे दर्याच्या हाती, हे त्या व्याकरणाला ठाऊक आहे.

लहानपणी मी निबंधात 'माझे पुस्तक गावले नाही' असे लिहिले. गुरुजींनी तांबडी रेघ ओढली आणि वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. चूक शब्दाची नव्हती, जागेची होती; पण तो भेद मला कोणी सांगितला नाही.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना एवढीच विनंती. मुलाला 'सापडले' अवश्य शिकवा; परीक्षेत ते लागेल. पण 'गावला' खोडू नका, त्याच्या शेजारी 'सापडले' लिहा. एक शब्द गमावून दुसरा मिळवला, तर पदरात शिल्लक काय? दोन्ही राखले, तर पोराक दोन भाषा गावल्यो!