पहिला सराव: अंक ओळखा

प्रोग्रामिंग नुकतंच शिकू लागलेल्यांनी अंक ओळखण्याचा खेळ जरूर लिहावा. संगणक चार अंक लपवतो. आपण अंदाज टाईप करतो. अंक योग्य जागी असेल, तर तो 'पक्का'. अंक आहे, पण जागा चुकली, तर 'कच्चा'. १९७० च्या दशकात असाच खेळ रंगीत खुंट्या घेऊन 'मास्टरमाइंड' नावानं गाजला.

कुणी म्हणेल, काळ्या स्क्रीनवरच्या या खेळात शिकण्यासारखं काय? खरी गंमत मोजणीत आहे. समजा, लपवलेले अंक आहेत… एक, दोन, तीन, चार. आपला अंदाज… एक, एक, पाच, सहा. घाईनं लिहिलेला प्रोग्राम सांगतो, एक पक्का आणि एक कच्चा. पण लपवलेल्या अंकांत 'एक' तर एकदाच आहे! म्हणून आधी पक्के मोजा. ते बाजूला काढा. मग उरलेल्यांत कच्चे शोधा.

दुसरा आक्षेप असा, की कोड आयता मिळतो, मग लिहायचा कशाला? मिळतो खरा. पण तो बरोबर आहे का, हे कसं कळणार? त्यासाठी असं अडचणीचं उदाहरण आपल्यालाच सुचावं लागतं. अचूक मोजणी का महत्त्वाची, तेही पाहा. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये दाखवलं, की चार जागा आणि सहा रंगांचा मास्टरमाइंड जास्तीत जास्त पाच अंदाजांत सुटतो. त्यात नशीब नाही. प्रत्येक उत्तरानंतर अशक्य पर्याय गाळत जायचे. पण मोजणीच चुकली, तर योग्य पर्यायही गळून जाईल. तेव्हा पुन्हा सांगतो: आधी पक्के, मग कच्चे.