सोबतीचे बळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही विषय दूरदेशीचा निवडला आहे : अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या पाठबळासाठी विद्यार्थ्यांनीच भरविलेले हॅकेथॉन.

हा शब्द १९९९ सालचा. त्या वर्षी जूनमध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे दहा संगणकतज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी ‘ओपनबीएसडी’ या प्रणालीचे काम पुढे नेले. पुढे ही प्रथा महाविद्यालयांत गेली. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी २००९ साली ‘पेनअ‍ॅप्स’ सुरू केले. सुटीचे दिवस गाठून लहान लहान गट करावयाचे, चोवीस वा छत्तीस तासांत एखादी अडचण सोडविणारा प्रोग्रॅम रचावयाचा आणि अखेरीस तो परीक्षकांसमोर चालवून दाखवावयाचा, असे त्याचे स्वरूप असते.

मग कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी निराळा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाच्या इतिहासात आहे. १९७० च्या सुमारास तेथे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात येणाऱ्या शंभर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ऐंशी शिक्षण सोडून जात. ही गळती थांबविण्यासाठी एडवर्ड बार्नेट आणि फ्रेड कूपर या दोघा विद्यार्थ्यांनी १९७१ साली संघटना काढली. पुढे अँथनी हॅरिस या विद्यार्थ्याने देशातील २८८ अभियांत्रिकी संस्थांना पत्रे धाडली. ८० संस्थांची उत्तरे आली. एप्रिल १९७५ मध्ये ३२ संस्थांतून ४८ विद्यार्थी पर्ड्यू येथे जमले आणि ‘नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्स’ उभी राहिली. त्या संस्थेचा कारभार विद्यार्थीच पाहत आले. तिच्या वार्षिक अधिवेशनांतही हॅकेथॉन भरली आहेत. आता तिनेही पन्नाशी पार केली आहे.

ती मुले प्रवेशास पात्र ठरूनच आली होती. उणीव होती ती सोबतीची. जुन्या वह्या देणारा वरच्या वर्गातील मित्र, न लाजता शंका विचारता येईल असा शेजारी, नोकरीसाठी शब्द टाकणारा ओळखीचा माणूस, या गोष्टी कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेल्या नसतात. वर्गात एकटा पडलेला मुलगा गटात शेवटी घेतला जातो आणि त्याच्या वाट्याला कागद सांभाळण्याचे काम येते. अशा हॅकेथॉनमध्ये तोच मुलगा संगणकापुढे बसतो. त्याच्यासारखाच एखादा अभियंता रात्री दोन वाजता त्याची चूक समजावून देतो. बक्षिसाची रक्कम खर्च होऊन जाते. ही ओळख टिकते.

ही गरज संपलेली नाही. प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये मनाई केली. त्यापूर्वीच्या वर्षांत एमआयटीच्या नव्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सरासरी १३ टक्के होते. २०२४ च्या तुकडीत ते ५ टक्क्यांवर आले. वर्गात जितके थोडे, तितके एकाकी.

मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. आपल्या परप्रांतवासाची त्यांच्या दुःखाशी तुलना मात्र आम्ही करणार नाही. आपण चरितार्थासाठी आपल्या पायांनी येथे आलो. त्यांच्या पूर्वजांना बेड्या घालून नेले गेले. तथापि, अनोळखी शहरात खोली कोठे मिळेल, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, हे सांगणारा एक माणूस भेटला की काय होते, ते या सभागृहातील प्रत्येक कुटुंब जाणते.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात आमची एक सूचना आहे. दोन दिवस आणि एक रात्र हे सभागृह आपल्या तरुणांच्या हाती द्यावे. त्यांनी संगणक मांडावेत, गट पाडावेत, हिशेबही त्यांनीच ठेवावा. आमंत्रण मात्र सभासदांच्या मुलांपुरते राखू नये. या वास्तूची राखण करणाऱ्या पहारेकऱ्याची मुलगी आणि आपल्या घरी पोळ्या करणाऱ्या बाईंचा मुलगा, त्यांची भाषा कोणतीही असो, त्या गटांत असावीत, आणि संगणकापुढची खुर्ची त्यांना पहिल्यांदा मिळावी.