हिशेब विचारणाऱ्या बायका



सार्वजनिक कार्यातल्या स्त्रिया आणि त्यांची प्रेरणा, असा विषय चालकांनी आम्हांला दिला आहे. अशा विषयावर बोलायचे तर जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे घ्यावीत, टाळ्या घ्याव्यात आणि बसावे, अशी रीत आहे. त्या नावांपुढे आम्हीही हात जोडतो. पण आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत अधिक झाले, आणि तिथे एक खोड जडली. कोणी लढायला उभे राहिले, की त्याचा कोणता हिशेब जुळत नव्हता, ते आम्ही आधी विचारतो.

गोदावरी परुळेकरांचे पाहा. जन्म १९०७ चा, पुण्याच्या गोखल्यांच्या सुखवस्तू घरातला. कायद्याची पदवी घेतलेली बाई. सत्याग्रहात तुरुंग भोगून झाला, भारत सेवक समाजात काम झाले, मुंबईत साक्षरतेचे वर्ग चालवून झाले. एवढ्यावर कोणीही समाधान मानले असते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे ठाणे जिल्ह्यातून काही वारली आले होते. माह्या धांगडा हा त्यांतलाच. वारल्यांची हकिकत अशी, की जमीनदाराकडे वेठीला फुकट राबायचे. आणि लग्नासाठी त्याच्याकडून कर्ज काढले, तर नवराबायको दोघांनी त्याच्याच दारी पिचायचे. कर्ज काही फिटायचे नाही. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. लग्नासारख्या मंगल शब्दाला गुलामगिरी चिकटवणारी आपली भाषा कधीकधी फार खरे बोलते.

२३ मे १९४५ ला झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ बंद करण्याचे ठरले. पुढे गवतकापणीचा हंगाम आला तेव्हा मागणी झाली, पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये. युनियनच्या माणसाला ही मागणी फार आवडते. तीत समता, मानवता असले शब्द नाहीत. गवताचे वजन आहे आणि रुपये आहेत. ज्याला अक्षर येत नाही, तोही संध्याकाळी ती पडताळून पाहू शकतो. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, पाच माणसे गेली. बाईंना जिल्ह्यातून हद्दपार केले. तरी संप टिकला. बाई परत आल्या, आणि १९९६ मध्ये निधन होईपर्यंत त्या त्याच माणसांच्या राहिल्या.

त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’. ते १९७० साली निघाले. त्या नावात ‘मी जागा केला’ असे कुठेही नाही. आमच्या मते बाईंची प्रेरणा शोधायची ती इथे. पायी हिंडून, वारल्यांच्या झोपडीत राहून, शिकवायला गेलेली बाई शिकत गेली. नुसती दया असती तर एका पावसाळ्यात विरून गेली असती.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. नाशिकच्या शांताबाई दाणी दलित घरातल्या. दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीने त्यांनी आंबेडकरी चळवळीचे काम केले, मुलींच्या शिक्षणासाठी खपल्या, १९६८ ते १९७४ विधान परिषदेत बसल्या. गोदावरीबाईंना न जुळणारा हिशेब दुसऱ्याच्या झोपडीत जाऊन पाहावा लागला; शांताबाईंच्या तो जन्मापासून घरात होता. दोघींची वाट वेगळी, म्हणून कोणी कमीजास्त ठरवू नये.

आणि कांद्याचे नामपूरकरांना आम्ही काय सांगावे! १० नोव्हेंबर १९८० ला खेरवाडीला कांद्याच्या भावासाठी रेल्वे अडवली गेली, गोळीबारात दोन शेतकरी पडले. ते आंदोलन पुरुषांचे म्हणून सांगितले जाते. पण कांदा लावते कोण, काढते कोण, निवडते कोण? नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, तेव्हा लाखावर बायका जमल्या. मारहाणीचे बोलणे झाले, जमिनीचे झाले, निवडणुकीला उभे राहण्याचेही झाले. पुढे, १९८९ नंतर, ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली, पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यावा, अशी. सातबाऱ्यावर नाव चढलेल्या बाईचा आवाज कसा बदलतो, ते तलाठ्याच्या दारात उभे राहून ऐकावे. पुष्कळांना तो उद्धट वाटतो. आम्हांला तो नुसता स्पष्ट वाटतो.

राखीव जागांचे थोडक्यात सांगतो. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिसरा हिस्सा आला, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा आल्या. आता गावोगाव बाई सरपंच आहे, आणि गावोगाव तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिचे यजमानही आहेत. सही तिची, शाई त्यांची. यावर हसणारे हसतात. आम्ही विचारतो, त्या बाईला सभेला यायला वेळ कोणती दिली होती? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असे कायदा सांगतो; ती कागदावर उरकायची की भरवायची, हे गावाच्या हाती आहे.

कांदे काढणाऱ्या बायकांच्या एका टोळीने आम्हांला सांगितले, सभा दुपारी भाकरी खाल्ल्यावर बांधावरच घ्या. तिथे एकीने ओळीने कांदे मांडले. एका दिवसाला एक कांदा, आणि जितके दिवस पैसे मिळाले तितके कांदे बाजूला काढून ठेवले. राहिलेले सगळ्यांना दिसले. त्या दिवशी आम्ही भाषण केले नाही. मुकादमाकडे कोणी जायचे, ते त्याच ठरवत होत्या.

मागच्या ओळीतल्या भगिनी उठू लागलेल्या दिसतात. घरी चूल वाट पाहत असेल. तेव्हा आम्ही इथेच थांबतो. प्रश्न असतील तर आधी त्यांनी विचारावेत.