गेममधला राजहंसगड कोणाचा?

ऑनलाइन गेममधल्या वस्तू दोन प्रकारच्या असतात. काही कंपनीने घडवून विकलेल्या किंवा बक्षीस म्हणून दिलेल्या, तर काही खेळाडूंनी स्वतः तयार केलेल्या. बीजीएमआयसारख्या गेममध्ये खेळाडू पैसे मोजून पोशाख किंवा बंदुकीचा रंग घेतो, तेव्हा ती वस्तू त्याच्या मालकीची होत नाही. ती वापरण्याची मुभा तेवढी त्याला मिळते आणि खाते बंद झाले की मुभाही जाते. माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, सेकंड लाइफ यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे खेळाडू वाडे बांधतो, कपडे बेततो, नकाशे रचतो, गेमची चाल बदलणारे प्रोग्रॅम, म्हणजे मॉड, लिहितो. अशा वस्तूवर हक्क कोणाचा आणि दुसऱ्या कोणाला ती वापरायची झाली तर विचारायचे कोणाला, हा कॉपीराइटचा, म्हणजे प्रताधिकाराचा प्रश्न आहे.

बेळगाव आणि निपाणी भागात दिवाळीला गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. जागा कोणाची तरी, माती कुठून तरी आणलेली, मावळे बाजारातून घेतलेले, आणि मेहनत व कल्पना पोरांची. दिवाळी सरली की किल्ला मोडतो, म्हणून मालकीचा वाद कधी होत नाही. गेममधल्या किल्ल्यातही असेच चारपाच जणांचे वाटे असतात. सर्व्हर आणि विटांचे ठोकळे कंपनीचे, रचना खेळाडूची, आतल्या तोफा आणि सैनिक कदाचित तिसऱ्याच कोणी बनवून इतरांसाठी ठेवलेले. फरक इतकाच की हा किल्ला मोडत नाही. त्याची नक्कल क्षणात निघते, दुसऱ्या गेममध्ये जाते, विकलीही जाते. वाद सुरू होतो तो इथे.

समजा, निपाणीच्या एका विद्यार्थ्याने येळ्ळूरचा राजहंसगड ठोकळ्यांच्या गेममध्ये उभा केला. मूळ गड शेकडो वर्षांचा. त्याच्या तटबंदीवर आज कोणाचाही कॉपीराइट नाही, त्यामुळे तो बांधायला कोणाची परवानगी लागत नाही. मात्र नुसते चौकोनी ठोकळे एकावर एक रचल्याने निर्मात्याला हक्क मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितले की केवळ घाम गाळणे पुरेसे नाही, थोडी तरी स्वतःची कल्पकता दिसली पाहिजे. बुरुजाची ठेवण, पडझड झालेल्या भागांची केलेली कल्पना, प्रकाशयोजना, आतली वस्ती, यांत ती दिसली की विद्यार्थ्याचा हक्क निर्माण झाला. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. भारतात कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक आहे. ती पुरावा म्हणून उपयोगी पडते, हक्क मात्र निर्मितीबरोबरच जन्मतो. निर्मात्याच्या हयातीत तो टिकतो आणि त्याच्या मृत्यूनंतर आणखी 60 वर्षे राहतो.

आता त्याच गडावर मार्च 2023 मध्ये अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. विद्यार्थ्याने तोही गेममध्ये बसवला, तर उत्तर बदलते. महाराज इतिहासातले, त्यांच्यावर कोणाचा कॉपीराइट असू शकत नाही. पण हा विशिष्ट पुतळा ही अलीकडची कलाकृती आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे चित्र, रेखाटन, कोरीव मुद्राचित्र किंवा छायाचित्र काढण्याची आणि प्रसिद्ध करण्याची सवलत देते. त्रिमिती प्रतिकृतीचा उल्लेख त्या सवलतीत नाही. म्हणजे गडावर जाऊन पुतळ्याचा फोटो काढणारा निर्धास्त असतो. त्याच फोटोंवरून हुबेहूब त्रिमिती पुतळा घडवून गेममध्ये विकायला ठेवणाऱ्याला मात्र ती सवलत आपली आहे असे गृहीत धरता येत नाही. स्वतःच्या कल्पनेने वेगळा पुतळा घडवावा, हा त्यातला सोपा मार्ग.

कायद्याच्या व्याख्या इथे थोड्या गमतीदार आहेत. पोशाख, वाडा, तोफ या कलाकृती ठरतात. त्या सुंदर असण्याची अट नाही, कुरूप तोफेलाही संरक्षण आहे. तोफ उडवणारा प्रोग्रॅम मात्र साहित्यकृती ठरतो. कादंबरी आणि गेमचा मॉड कायद्याच्या एकाच खणात बसतात, हे सीमाभागातल्या साहित्य संमेलनांत अजून कोणी मनावर घेतलेले दिसत नाही.

खेळाडूचा हक्क मान्य केला तरी त्याखाली कंपनीचा हक्क शिल्लक असतो. याचा गाजलेला निवाडा अमेरिकेतला आहे. ड्यूक न्यूकेम थ्रीडी हा गेम 1996 मध्ये आला. खेळाडूंना स्वतःचे टप्पे रचता यावेत म्हणून त्याबरोबर साधनही दिलेले होते. हौशी खेळाडूंनी शेकडो टप्पे रचले आणि एकमेकांना फुकट दिले. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने त्यांतले 300 टप्पे गोळा करून सीडीवर विकायला काढले. मूळ गेमची हक्कदार कंपनी फॉर्मजेन. तिच्या बाजूने 1998 मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला. खेळाडूंच्या फाइलींमध्ये मूळ गेमची चित्रे नव्हती, कोणते चित्र कुठे दाखवायचे याच्या सूचना तेवढ्या होत्या. तरीही हे टप्पे म्हणजे मूळ कथेचेच पुढचे भाग आहेत, असे न्यायालयाने ठरवले. रचण्याची परवानगी होती, विकण्याची नव्हती. या प्रकरणात ज्यांनी ते टप्पे रचले, त्या खेळाडूंना कोणीच फारसे विचारले नाही, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे.

म्हणून पहिली परवानगी कंपनीच्या अटींमध्ये शोधावी लागते, आणि त्या अटी गेमगणिक वेगळ्या असतात. सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅबने 2003 मध्येच जाहीर केले की रहिवाशांनी घडवलेल्या वस्तूंचा हक्क त्यांच्याकडेच राहील. तिथे वस्तू देताना निर्माता तीन गोष्टी ठरवतो: घेणाऱ्याला ती बदलता येईल का, तिच्या प्रती काढता येतील का, ती दुसऱ्याला देता येईल का. परवानगी वस्तूबरोबरच फिरते. ही व्यवस्था आजही अनेक गेमपेक्षा शहाणी आहे. अर्थात कुलूप असले म्हणून चोरी थांबत नाही. 2006 मध्ये कॉपीबॉट नावाचा प्रोग्रॅम आला, वस्तूंच्या बिनपरवाना नकला निघू लागल्या आणि तिथल्या दुकानदारांत घबराट पसरली. माइनक्राफ्टच्या अटींनुसार खेळाडूने स्वतः मुळापासून केलेले काम त्याचे असते, पण कंपनीचा मूळ गेम किंवा त्याची बदललेली प्रत वाटता येत नाही. रोब्लॉक्समध्ये हक्क निर्मात्याकडे राहतो, मात्र कंपनीला त्या कामाचा व्यापक परवाना द्यावा लागतो. दुसऱ्या टोकाला ब्लिझार्ड आहे. तिच्या वॉरक्राफ्ट थ्री या गेममध्ये खेळाडूंनी रचलेल्या एका नकाशातून डोटा जन्मला आणि पुढे त्याचा स्वतंत्र गेम दुसऱ्याच कंपनीने काढला. त्यानंतर 2020 मध्ये नव्या आवृत्तीबरोबर ब्लिझार्डने अट घातली की खेळाडूंनी रचलेले सगळे खेळ कंपनीच्याच मालकीचे. ही अट खेळाडूंना जाचक वाटली, आणि ती आहेही.

कंपनीची परवानगी मिळाली की काम संपले, अशी समजूत सगळ्यात जास्त घात करते. एप्रिल 2015 मध्ये व्हॉल्व आणि बेथेस्डा या कंपन्यांनी स्कायरिम या गेमसाठी खेळाडूंनी केलेले मॉड पैसे घेऊन विकण्याची सोय सुरू केली. निर्मात्याचा वाटा होता 25 टक्के. विक्रीला आलेल्या पहिल्या मॉडपैकी एक मासेमारीचा होता. तो दुसऱ्या एका खेळाडूने केलेल्या हालचालींच्या फाइलीवर अवलंबून होता. ती फाइल फुकट मिळत होती, विक्रीच्या मालासाठी मात्र दिलेली नव्हती. तक्रार झाली, मॉड मागे घेतला गेला, आणि चारच दिवसांत सगळी योजना गुंडाळली गेली. कंपनीने होकार दिला होता, ज्याचे काम वापरले त्याने दिला नव्हता.

माइनक्राफ्टचे सर्व्हर चालवण्यासाठी खेळाडूंनी मिळून उभ्या केलेल्या बकिट प्रकल्पातही 2014 मध्ये असेच झाले. मुक्त परवान्याखाली प्रोग्रॅमचा मोठा भाग लिहिणाऱ्या एकाने हरकत घेतली की आपले लेखन कंपनीच्या बंदिस्त प्रोग्रॅमबरोबर बांधून वाटले जाते, आणि हे परवान्याच्या अटीविरुद्ध आहे. त्याच्या एका नोटिशीने हजारो सर्व्हर ज्यावर चालत होते त्या फाइलींचे वितरण थांबले. सामूहिक कामात प्रत्येकाचा हक्क जिवंत असतो, हे त्यातून दिसले.

निपाणीच्या विद्यार्थ्याचा गड दुसऱ्याला वापरायचा असेल, तर भारतीय कायद्यात दोन वाटा आहेत. हक्क कायमचा किंवा ठराविक काळासाठी दुसऱ्याच्या नावे करणे म्हणजे हस्तांतरण. त्याला निर्मात्याची सही असलेला लेख लागतो. नुसती वापरण्याची मुभा म्हणजे परवाना. तोही लेखी हवा, पण 2012 च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर सहीची सक्ती राहिली नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा इलेक्ट्रॉनिक लेखाला मान्यता देतो, त्यामुळे ईमेलने किंवा संदेशाने दिलेला स्पष्ट होकारही लेखीच. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर परवानगी भारतापुरती समजली जाते. गेम जगभर खेळला जातो, हे पाहता प्रदेशाचा रकाना विसरणे महागात पडू शकते. ज्याला सगळ्यांनाच मोकळीक द्यायची आहे, त्याने क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा तयार परवाना लावावा. नाव द्या, विकू नका, बदललेली प्रतही याच अटीवर वाटा, अशा अटी त्यात निवडता येतात. काहीच लिहिले नसेल, तर ‘फुकट डाउनलोड’ या दोन शब्दांतून पुन्हा वाटण्याची किंवा विकण्याची परवानगी निघत नाही.

निर्माता अठरा वर्षांखालचा असेल तर गुंता वाढतो, आणि गेममधले पुष्कळसे निर्माते याच वयाचे असतात. कॉपीराइटला वयाची अट नाही, पंधरा वर्षांची मुलगीही स्वतःच्या कामाची पूर्ण मालक असते. कराराला मात्र वय लागते. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे 1903 पासून प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने पक्के आहे. म्हणून शाळकरी मुलाने ‘हो, वापर’ म्हटले, यावर विसंबून कोणी विक्रीचा माल तयार करू नये. आईवडिलांची लेखी संमती घ्यावी.

नावाचा मान हा वेगळा हक्क आहे. कलम 57 नुसार काम विकून टाकले तरी ते आपले आहे असे सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्प उखडून गोदामात टाकल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये पाच लाखांची भरपाई दिली, ती याच कलमाखाली. उलट, नाव दिले म्हणून परवानगी मिळाली असेही होत नाही.

बेळगाव-निपाणी भागापुरती आणखी एक गोष्ट. गेममधल्या पात्राच्या पायांत कोल्हापुरी चपला घालणारे पुष्कळ असतील. चपलेची परंपरागत घडण जुनी आहे, तिच्यावर एकट्याचा कॉपीराइट नाही. मात्र ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे. ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून मिळालेले असून त्यात बेळगाव येतो. 2025 मध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या कोल्हापुरीसारख्या चपलांवरून वाद झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिका फेटाळली. मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनीच दाद मागायला हवी, असे त्याचे कारण होते. गेममधली चपलेची फाइल ज्याने स्वतः घडवली, त्याचा त्या फाइलीवर कॉपीराइट असतो. चपलेच्या परंपरेवर तो सांगता येत नाही.

नक्कल आढळली तर पहिली पायरी म्हणजे ती ठेवणाऱ्या संकेतस्थळाला लेखी तक्रार. 2013 च्या नियमांखाली योग्य तक्रार मिळाल्यावर वस्तू साठवणाऱ्या मध्यस्थाने 36 तासांत ती लोकांना दिसणे बंद करायचे असते. तक्रारदाराने 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर ती पुन्हा खुली करता येते. जाणूनबुजून केलेले उल्लंघन हा गुन्हाही आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. पोरासोरांच्या भांडणात थेट पोलिसांत धाव घेणे अतिरेकाचे होईल, पण माल विकून पैसे कमावणाऱ्याला ही भीती असलेली बरी.

कॉपीराइटचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. तक्रारदाराला स्वतः राहतो त्या ठिकाणी तो दाखल करता यावा, अशी सोय कलम 62 ने दिली आहे. नक्कल करणारा चेन्नईचा असला तरी निपाणीच्या निर्मात्याला बेळगावच्या जिल्हा न्यायालयात जाता येते. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला राहणाऱ्याने तोच दावा कोल्हापूरला लावायचा. कायदा केंद्राचा असल्याने कलमे दोन्हीकडे तीच आहेत.