दूध मोजतो, म्हैसही जपू या

आज आपण किरायाच्या खोल्यांविषयी बोलू या.

दहावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडात खोल्या शोधणाऱ्या आईबापांची गर्दी होते. अकरावी-बारावी आणि नीटच्या क्लाससाठी गावोगावची लेकरं येतात. आपल्या गटांतल्या काही जणींनीही कर्ज काढून शहरातल्या घरावर दोन खोल्या चढवल्या. चांगलं झालं. पण किराया म्हणजे दूध आणि खोली म्हणजे म्हैस. दूध आपण रोज मोजतो, म्हैस जपायची मात्र राहून जाते. ती जपायच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट नावाची. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता तीच भरते. मग घर कुणाच्या नावावर? घरपट्टीच्या पावतीवर समाधान मानू नका, ती कराची पावती असते. खरेदीखत आणि मालमत्ता पत्रक काढून बघा. उद्या भावकीत वाद उठला, तर तोंडी शब्द कामाला येत नाही. नवीन घर विकत घेताना ते फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर आपल्या राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे.

दुसरी गोष्ट कराराची. अकरा महिन्यांचा करार बॉण्डवर लिहून नोटरी केली की झालं, असं पुष्कळ जणी समजतात. तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी. ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर किरायेदार सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या आहेत हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. शिवाय पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 'लिव्ह अँड लायसन्स' करार नोंदवलेला असला आणि मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट रक्कम मागता येते. विद्यार्थी अठराच्या आतला असेल, तर करार त्याच्या आईवडिलांशी करा. डिपॉझिट किती, वीजबिल कुणी भरायचं, मोडतोड झाली तर काय, हे सगळं त्यात लिहा. किराया घेतला की पावती द्यायचीच, तेही कायद्यातच आहे.

तिसरी गोष्ट रिकाम्या महिन्यांची. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, क्लास बंद झाले, लेकरं गावी परतली. किराया थांबला तरी कर्ज डोक्यावर होतंच. त्याआधी २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसा उन्हाळा पुन्हा आला, तर टँकरचा खर्च कोण करणार? म्हणून दोन खोल्या असतील, तर एकीच्या किरायात हप्ता बसला पाहिजे. तीन महिन्यांच्या हप्त्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. एकीचा हप्ता थकला की अख्ख्या गटाची पत जाते आणि पुढचं कर्ज सगळ्यांचं अडतं.

चौथी गोष्ट भिंतींची. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार, त्याखाली हजारो माणसं गेली. जुन्या भिंतीवर मजला चढवण्याआधी इंजिनिअरला दाखवा. वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या; परक्याचं लेकरू आपल्या छताखाली झोपतं. घराचा विमाही असतो. 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे आहे. आग, पूर, वीज पडणं, भूकंप हे त्यात येतं. घेताना खोल्या किरायानं दिल्या आहेत हे स्पष्ट सांगा आणि कच्चं बांधकाम चालतं का, ते विचारा.

येत्या बैठकीत एक काम करू या. जिच्या खोल्या किरायानं आहेत, तिनं खरेदीखत, करार आणि पासबुक घेऊन यावं. कर्जाचा हिशोब आपण दर बैठकीला वाचतोच. त्या दिवशी हे तीन कागदही एकमेकींना वाचून दाखवू. ज्यात उणीव निघेल, ते काम पुढच्या बैठकीआधी कोण करून देणार, हे तिथंच ठरवू.